कॅप्टनसाहेबांचे महागडे सलगम

नाव मागे राहावं म्हणून लोक काय काय करतात! कुणी देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेतं, कुणी बागेतल्या बाकावर. चार्ल्स बॉयकॉट या गृहस्थांनी फक्त खंड वसूल केला; तोही दुसऱ्याच्या जमिनीचा.

जमीन लॉर्ड अर्न यांची, आयर्लंडातल्या मेयो परगण्यात. बॉयकॉट त्यांचे कारभारी. ‘कॅप्टन’ ही पदवीही लोकांनीच बहाल केलेली; पलटणीतून ते अगदी खालच्या हुद्द्यावरून घरी परतले होते. १८८० साली कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. मालक दहावर अडले आणि कॅप्टनसाहेबांनी घरं खाली करायच्या नोटिसा काढल्या.

लोकांनी त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही. नुसतं वाळीत टाकलं. गडी गेले, मोलकरणी गेल्या, लोहार गेला, दुकानदार माल देईना. धोबीणही गेली. पीक सडलं तर माणूस नशिबाला बोल लावतो. पण साहेबानं स्वतःचे सदरे स्वतः धुवायचे म्हणजे साम्राज्याचा पायाच खचला की!

त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं. मग अल्स्टरहून पन्नास स्वयंसेवक पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई. सुमारे पाचशे पौंडांच्या बटाटे-सलगमांपायी दहा हजार पौंड उडाले. आयरिश पुढारी पार्नेल यांनी हिशेब मांडला, की एकेक सलगम एका शिलिंगला पडला. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनीही इतका सुबक हिशेब कधी दिलेला नाही.

आता या प्रकाराला म्हणायचं काय? ग्रीक वळणाचा इंग्रजी शब्द होता, पण तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसेना. तिथले पाद्री ओ’मॅली यांनी कॅप्टनसाहेबांचं आडनावच क्रियापद म्हणून सुचवलं. वाळीत टाकणं आपल्याला नवं नव्हतंच. आपल्या जातपंचायतींना आवरायला तर २०१६ साली कायदा करावा लागला. फरक एवढाच, की तिथे दुबळ्यांनी बळवंताला टाकलं होतं.

घराण्याचं मूळ आडनाव म्हणे बॉयकॅट. चार्ल्स लहान असताना ते बदललं. नाहीतर आज आपले विरोधी पक्ष सभागृहाला ‘बॉयकॅट’ करून बाहेर पडले असते.

वाळीत पडल्यावर पुढच्याच वर्षी साहेब अमेरिकेला निघाले. आडनाव लपवून त्यांनी कनिंगहॅम हे मधलं नाव लावलं. तरी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रानं ओळखलंच आणि छापलं, की भाषेला नकळत नवा शब्द देणारे गृहस्थ आले आहेत.