मंजूचा पासपोर्ट आणि आमची फाईल

रेडिंग, इंग्लंड
८ मार्च

ती. आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं जाणार?" आणि मी "ठरतंय" म्हणून गप्प बसले. तुझे जावई समोरच एक्सेल उघडून बसले होते, त्यांच्यादेखत खरं बोलण्याची सोय नव्हती. आता ते भाजी आणायला गेलेत, म्हणून लिहायला बसले.

यंदा आम्ही आणि मंजूचं कुटुंब बरोबर जाणार, एवढं दिवाळीतच ठरलं होतं. कुठं, ते ठरायला मार्च उजाडला. मंजूला तू ओळखतेसच, नागपूरची. गेल्या खेपेला आलीस तेव्हा तुला सावजी रस्सा खायला घालून रात्रभर पाणी प्यायला लावलं होतं, तीच. तिचा स्वभाव असा की रात्री अकराला फोन करून म्हणणार, "आइसलँड!" सकाळी मुलांना शाळेत सोडताना फाटकापाशी भेटली की, "आइसलँड राहू दे गं, पोर्तुगाल!" तिनं मागेच ब्रिटिश पासपोर्ट घेतलाय. तिला युरोपात जायचं म्हणजे तुम्हाला इचलकरंजीला जाण्यासारखं. मनात आलं, निघाले.

आमचे चौघांचे पासपोर्ट अजून भारतीय. त्यामुळं आमच्या मनात आलं की आधी फाईल उघडावी लागते. शेंगेन व्हिसाला मोठ्या माणसाचे ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलाचे ४५. धाकटा अजून सहाचा व्हायचाय, त्याला फुकट. घरात किफायतशीर असा तो एकटाच. शिवाय बँकेचे कागद, नोकरीचं पत्र, ३०,००० युरोंचा आरोग्य विमा, कुठल्या रात्री कुठं झोपणार त्याचं बुकिंग, जाण्यायेण्याची तिकिटं. म्हणजे जाऊ देणार की नाही ते माहीत नसताना कुठं झोपणार ते पक्कं सांगायचं. आणि या सगळ्या कागदांतून सिद्ध काय करायचं, तर आम्ही परत येऊ! आई, "परत कधी येणार" हे तू इतकी वर्षं विचारतेस, पण पुरावा कधी मागितला नाहीस.

अर्ज कुठल्या देशाकडं करायचा, तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडं. म्हणून देश आधी ठरायला हवा. आणि मंजूचा देश तर दर बारा तासांनी बदलतो. जावई म्हणाले, "स्वित्झर्लंड." युंगफ्राउयोख म्हणून ३,४५४ मीटरवर रेल्वे स्टेशन आहे, आणि तिथं बर्फात बसून भारतीय जेवण जेवता येतं. मंजू म्हणाली, "एवढे पैसे मोजून वर चढायचं आणि समोर कोण, तर आपलेच लोक पनीर खाताना." खाली इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, हा जावयांचा शेवटचा मुद्दा होता. त्यालाही ती बधली नाही.

मग निघालं नॉर्वे. मंजूला ट्रॉम्सोला जाऊन मध्यरात्रीचा सूर्य बघायचा होता. तिथं तो २० मेच्या सुमारापासून साधारण २२ जुलैपर्यंत मावळतच नाही. आणि इथल्या शाळा सुटतात त्याच आठवड्यात! सूर्य रजेवर जाणार, मग आमची रजा सुरू होणार. शाळा सुटली की विमानाचे दर दुप्पट. मंजूचा नवरा म्हणाला, जूनमध्येच जाऊ, शाळा बुडवू. तर इथं शाळा बुडवून सहलीला गेलात तर प्रत्येक मुलामागं प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दोन मुलं, दोन पालक, म्हणजे ३२० पौंड. जावयांनी त्याचाही रकाना केला आणि जाहीर केलं की दंड भरूनसुद्धा जून स्वस्त पडतो! बाबा, मी मात्र ठाम नाही म्हटलं. हेडमास्तरांच्या मुलीनं शाळा बुडवल्याची पावती फाडायची?

तेव्हा ट्रॉम्सो गेलं आणि बर्गेन आलं. तिथं वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस. मंजूला मुलांच्या सर्दीची काळजी. मी म्हटलं, माझं आजोळ गगनबावड्याचं, मला पाऊस सांगू नकोस. तरी जावई तोंड पाडूनच होते. त्यांना वळवलं ते फ्लोमच्या रेल्वेनं. म्युर्डालपासून फ्लोमपर्यंत वीस किलोमीटरांत गाडी साडेआठशे मीटरहून जास्त खाली उतरते, वीस बोगद्यांतून. १९४० च्या सुमाराला सुरू झालेली. आकडे ऐकून ते जरा हलले. मग मंजूनं हुकमाचं पान टाकलं. वाटेत शोसफॉसेन म्हणून धबधबा आहे, तिथं गाडी मुद्दाम थांबते, आणि उन्हाळ्यात कड्यावर लाल कपडे घातलेली बाई गाण्यावर नाचते. त्यांच्या लोककथांतली ती हुल्डर, रानातली मोहिनी. "म्हणजे यश चोप्राच की!" असं म्हणून जावयांनी स्वित्झर्लंडचा तक्ता पुसून टाकला.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. नॉर्वेत बाहेर जेवण म्हणजे खिशाला भोक, म्हणून दोघींनी मिळून स्वयंपाकघरासकट एक लाकडी घर घेतलंय. चादरी आपल्या न्यायच्या आणि निघताना घर झाडून-पुसून द्यायचं, नाहीतर त्याचे वेगळे पैसे. भाडं देऊन वर भांडी घासायची, ही सुट्टी! शिवाय फोडणी कुणाची, नागपूरची की कोल्हापूरची, यावर अजून बोलणी चालू आहेत. तू दादाबरोबर धाडलेलं कणीदार तूप मात्र नेता येणार नाही. युरोपबाहेरून, म्हणजे आता ब्रिटनमधूनही, मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ तिकडं न्यायला बंदी आहे. कांदा-लसूण मसाला चालतो. मेतकूटही. मंजूनं सांबारवडीची तयारी आतापासूनच सुरू केलीय.

जावई आलेच. मेथी सांगितली होती, पालक आणलाय.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. दादा-वहिनीला नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुझी,
सुमी

ता. क. : पाकीट बंद करतानाच मंजूचा फोन आला. तिच्या सासूबाई जुलैत नागपूरहून येतायत आणि त्यांनाही नॉर्वेला यायचंय. त्यांचा पासपोर्ट भारतीय, तेव्हा शेंगेनचा व्हिसा त्यांनी निघण्याआधी तिकडूनच काढायचा. इतके दिवस आमच्या फाईलला हसणारी मंजू आता फाईलची झेरॉक्स मागतेय. तुझे जावई म्हणाले, आधी सावजी रस्सा, मग झेरॉक्स.