अकरावी आज्ञा

घरी बरणीबंद केलेल्या भाजीचं झाकण घट्ट बसलं की अमेरिकेतल्या काही भाविक गृहिणी देवाचे आभार मानतात. माणसाच्या चुका देव पोटात घालतो. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू मात्र बायबल वाचत नाही. बटाट्यासारख्या कमी आम्लाच्या भाजीत त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. त्यांना मारायला प्रेशर कॅनरची, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवणाऱ्या भांड्याची, ११६ अंश सेल्सिअसची धग लागते. २०१५ साली ओहायोतल्या एका चर्चच्या सहभोजनात, नुसत्या उकळत्या पाण्यात बरणीबंद केलेल्या बटाट्यांच्या सॅलडने २९ जणांना विषबाधा झाली. एक जण दगावला. ‘आजी असंच करायची’ ही अकरावी आज्ञा देवाने दहा आज्ञांबरोबर मोशेला दिली नव्हती. देव झेलेल म्हणून मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला खुद्द येशूनेही नकार दिला होता. तेव्हा प्रार्थना जरूर करावी, पण डोळे उघडे ठेवून; कॅनरचा काटा दिसला पाहिजे.