सूत चढलं तरी हप्ता हलत नाही: एका फाइलकर्त्यास खुले पत्र

महोदय,



आपलं नाव माहीत नाही. फाइलच्या माहितीत ‘ऑथर’समोर नुसतं ‘अ‍ॅडमिन’ लिहिलंय. ते आपलं नाव नसावं, नम्रता असावी. काम मात्र असं करून गेलात की आमच्या ऑफिसात रोज आपली आठवण निघते. कोणत्या शब्दांत निघते ते इथे लिहिता येणार नाही.

ओळख पटावी म्हणून सांगतो. इचलकरंजीतल्या एका यंत्रमागधारकांनी साधे माग काढून एअरजेट घालायचं ठरवलं, तेव्हा बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्टची एक्सेल फाइल आपण केली होती. पुढे आपण दिसेनासे झालात, बँकेने कर्जाची रक्कम आणि व्याजदर बदलले, आणि नवे आकडे काढायला फाइल आमच्याकडे आली. बँकेला हवा होता डीएससीआर. म्हणजे नफा, घसारा आणि व्याज यांची बेरीज भागिले वर्षात भरायचं व्याज आणि मुद्दल. हा आकडा १ च्या खाली गेला की धंद्यातून हप्ता निघत नाही, घरातून घालावा लागतो. आणि सोबत बँकेचा नेहमीचा प्रश्न होता: सूत १० टक्के चढलं आणि कापडाला भाव मिळाला नाही, तर?

इचलकरंजीत हा प्रश्न दिवाणजीपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पडतो. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिस’ नावाचा अख्खा मेनू आहे, आणि त्यातली तिन्ही हत्यारं आपण वापरलीत. एकही सोडलं नाहीत, हे विशेष.

आधी कौतुक. डेटा टेबलमध्ये ‘रो इनपुट सेल’ आणि ‘कॉलम इनपुट सेल’ यांची अदलाबदल भलेभले करतात. वरच्या ओळीत आडवे मांडलेले आकडे ज्या सेलमध्ये घालून पाहायचे, तो रो इनपुट सेल. डाव्या बाजूला उभे मांडलेले ज्यात घालायचे, तो कॉलम इनपुट सेल. आपण आडवी सुताच्या भावातली चढउतार मांडलीत, उभी कापडाच्या भावातली, आणि दोन्ही खोके बरोबर भरलेत. दोन्हीकडे उणे १० ते अधिक १० टक्केच होते. उलटं झालं असतं तर कुणाला कळलंही नसतं. इथवर आपण सज्जन होता.

पुढची अडचण अशी की इनपुट सेल टेबलाच्याच शीटवर लागतो. दुसऱ्या शीटवरचा दिला की एक्सेल ‘इनपुट सेल रेफरन्स इज नॉट व्हॅलिड’ म्हणून परत पाठवतं. आपली गृहीतकं होती ‘अ‍ॅझम्प्शन्स’ शीटवर. कापडाच्या भावाचा खरा आकडा आपण शहाण्यासारखा टेबलाच्या शीटवर आणलात आणि अ‍ॅझम्प्शन्सला तिथून घ्यायला लावलंत. सुताच्या वेळी बहुधा जेवणाची सुट्टी झाली. तिथे आपण बरोबर उलट केलंत: ‘बराबर अ‍ॅझम्प्शन्समधला सेल’ असं लिहून मूळ आकड्याची फक्त प्रत टेबलाजवळ आणलीत आणि तीच इनपुट सेल म्हणून दिलीत. एक्सेलने इमानेइतबारे त्या प्रतीत उणे १० घातले, अधिक १० घातले. मूळ हिशेब अ‍ॅझम्प्शन्समधूनच आकडा उचलत राहिला आणि त्याला या घडामोडींचा पत्ताही लागला नाही. परिणामी प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे एकच आकडा, पाचच्या पाच खणांत. आपण त्याला लाल-पिवळा-हिरवा रंग दिलात आणि रिपोर्टात छापलात.

मालकांना एक्सेल येत नाही. त्यांनी चष्मा वर केला, मधल्या ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “म्हंजे सूत फुकट मिळणार हाय व्हय आमाला?”

आता दुसरी करामत. आम्ही नवी कर्जरक्कम आणि नवा व्याजदर घातला. सगळी पत्रकं बदलली, ताळेबंद जुळला, टेबल मात्र ढिम्म. मधला खण, म्हणजे सूत शून्य टक्के, कापड शून्य टक्के, तो १.५० वरच. दोन बदलांच्या टेबलात वरच्या डाव्या कोपऱ्यात मूळ सूत्र बसतं, आणि मधला खण त्याच्याशी जुळलाच पाहिजे. ही तपासणी नवशिक्यालाही जमते. म्हणून आपण कोपऱ्यातल्या आकड्याला पांढरा रंग दिलात, पांढऱ्या कागदावर. दिसायला स्वच्छ दिसतं म्हणे. आम्ही तो काळा केला, तर १.३१.

कारण सापडलं फॉर्म्युलाज टॅबमध्ये, कॅल्क्युलेशन ऑप्शन्सखाली: ‘ऑटोमॅटिक एक्सेप्ट फॉर डेटा टेबल्स’. म्हणजे बाकी सगळं आपोआप, टेबल तेवढं एफ-९ दाबेपर्यंत जुनं. ही सोय खोटी नाही, मान्य. टेबलातल्या प्रत्येक खणासाठी अख्खा हिशेब पुन्हा करावा लागतो. ११ बाय ११ चं टेबल म्हणजे १२१ वेळा. मोठ्या मॉडेलमध्ये यंत्र धापा टाकतं. पण आपलं टेबल ५ बाय ५ चं होतं, महोदय! आणि ही सेटिंग फाइलीपुरती राहत नाही. एक्सेल उघडल्यावर जी फाइल पहिली उघडेल, तिची पद्धत त्या बैठकीतल्या बाकी फाइलींनाही लागू होते, आणि त्या सेव्ह केल्या की त्यांच्यातही मुरते. आपल्या फाइलीने सकाळी सुरुवात करणाऱ्या आमच्या पोरांनी हा प्रसाद किती अशिलांना वाटला, ते अजून शोधतोय. एक आकडा बदलला की फळ्यावरची अख्खी ओळ पुसून मांडावी लागते, या त्रासातून डॅन ब्रिकलिनला हार्वर्डमध्ये शिकताना स्प्रेडशीट सुचलं आणि १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क बाजारात आलं. आपण ते सगळं एका क्लिकमध्ये परत फिरवलंत.

आणि ते १.५० तरी आलं कुठून? दशांश वाढवून पाहिले: १.४९९४. अ‍ॅझम्प्शन्समध्ये क्षमतेचा वापर: ८७.४१६३ टक्के. कुठलाही मागवाला असा आकडा सांगत नाही. तो ८५ म्हणेल, ९० म्हणेल, दिवाळीत कामगार गावी गेले की ५० म्हणेल. चार दशांशांपर्यंत माग चालवतं ते फक्त ‘गोल सीक’. उत्तर सांगा, एक सेल दाखवा, ते उलटं शोधत जातं, ०.००१ इतकं जवळ पोहोचलं की थांबतं आणि त्या सेलमधला आधीचा आकडा पुसून आपला ठेवतं. बँकेला १.५० आवडतो हे आपल्याला कुणीतरी सांगितलं असणार. आवडीचा आकडा आधी, कारखाना नंतर.

सिनॅरिओ मॅनेजरबद्दल थोडक्यात. एका सिनॅरिओत ३२ सेल बदलता येतात. आपण एक बदललात. नावं ‘बेस्ट’, ‘वर्स्ट’ आणि ‘वर्स्ट फायनल’. ‘बेस’ नाही. ‘शो’ दाबलं की सिनॅरिओचे आकडे थेट मूळ सेलमध्ये जाऊन बसतात, म्हणून मूळ स्थितीचाही एक सिनॅरिओ आधी ठेवायचा असतो. आपण ‘बेस्ट’ दाखवलंत, तसंच सेव्ह केलंत आणि निघून गेलात. समरी शीटही मागे ठेवलीत. ती एकदा बनली की पुढे बदलत नाही, आणि आपण सेलना नावं दिली नव्हती, त्यामुळे तिच्यात ‘डॉलर सी डॉलर ७’ असं लिहिलंय. मालक विचारत होते, आपलं कापड परदेशात कधीपासून जायला लागलं.

सुताचा सेल जागेवर आणला, सेटिंग ऑटोमॅटिक केली. सूत १० टक्के चढलं, कापडाचा भाव तोच राहिला, तर डीएससीआर ०.९३. तोही आपल्या ८७.४१६३ टक्के क्षमतेवर. मालकांनी आकडा पाहिला आणि आता ते आठऐवजी चारच माग घ्यायचं म्हणतायत. बँकेला तसं कळवतोय.

तूर्त एवढंच. मूळ क्षमता किती धरली होती ते कळवावं. फोन केलात तरी चालेल, कोणी ओरडणार नाही; साहेब बाहेरगावी आहेत.

आपला,
फाइलीचा सध्याचा वारसदार

ता. क. : घसाऱ्याचं सूत्र ‘ओल्ड’ नावाच्या शीटमधून आकडा उचलतंय. ती शीट लपवलेली आहे आणि वर्कबुकला पासवर्ड आहे. ‘अ‍ॅडमिन’ घालून पाहिला, ‘१२३४’ घालून पाहिला. पासवर्डच्या बाबतीत मात्र आपण काळजी घेतलेली दिसते.