गायरान तुमच्या नावावर कधी झाले?

नगराध्यक्ष महोदय,

गावाच्या उत्तरेकडचे गायरान विकण्याचा ठराव तुम्ही मंजूर करून घेतलात. रस्त्याकडचा सपाट तुकडा बांधकामासाठी, मागचा उताराचा शेतीसाठी. विषयपत्रिकेत या विक्रीचा उल्लेख नव्हता. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीखाली तुम्ही ती घुसवलीत. सूचक-अनुमोदक आधीच ठरलेले होते आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे छापून आले. विरोधात बोललेल्या नगरसेविकेचे नावही त्यात नाही. गावाची जमीन विकायला तुम्हाला गावाचीच नजर चुकवावी लागली.

जमीन पडीक आहे, असे तुम्ही म्हणता. तिथे शेवटचे पायी कधी गेला होता? पावसाळा सरला की धनगरांचे वाडे तिथेच उतरतात. ज्यांच्याकडे गुंठाभरही रान नाही, त्यांच्या शेळ्या बारा महिने तिथेच चरतात. उतारावर पाणी मुरते, म्हणून खालच्या आळीतल्या विहिरी उन्हाळ्यातही आटत नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे तिथे धावतात, कारण गावात दुसरे मैदान तुम्ही शिल्लक ठेवलेले नाही. इतक्या जणांचे पोट आणि भविष्य ज्या जमिनीवर आहे, तिला पडीक म्हणताना तुमची जीभ अडखळली नाही.

बांधकामाच्या तुकड्यापेक्षाही मला शेतीचा तुकडा जास्त खटकतो. शेतीला कोण विरोध करणार, असे तुम्ही सभेत विचारलेत. त्या मुरमाड उतारावर कोणते पीक येणार, ते मात्र सांगितले नाहीत. शेतीच्या दराने घ्यायची, चार वर्षांनी बिनशेती करून घ्यायची, मग प्लॉट पाडून विकायची, ही वाट आम्हालाही ठाऊक आहे. एक तुकडा बिल्डरला आज मिळेल, दुसरा थोड्या सबुरीने.

आता कायद्याचे बोलू. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 तुमच्या दालनातल्या कपाटात असेल. त्यातले कलम 92 वाचा. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायला राज्य शासनाची मंजुरी लागते आणि त्यासाठीचा ठराव एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताने व्हावा लागतो. मंजुरीचे पत्र नसताना तुम्ही लिलावाची जाहिरात कोणाच्या भरवशावर दिलीत?

लखनऊच्या महापालिकेनेही अमीनाबादमधले झंडेवाला पार्क, निविदा न काढता, भूमिगत बाजार बांधायला एका बिल्डरला दिले होते. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम पाडून पार्क पूर्ववत करायला लावले. पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावात तलावाच्या जागेवर घरे उठली, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जमिनीची किंमत वसूल करून ती राहू द्यायचे ठरवले. 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग बंद केला आणि गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखायला सर्व राज्यांना सांगितले. तुमच्या लिलावात बोली लावणाऱ्यांनाही हे कळू द्या. उद्या बांधलेले पाडावे लागले, तर ते तुमच्याच दारात येतील.

आलेल्या पैशातून मुख्य रस्ता काँक्रीटचा करणार, असे तुम्ही जाहीर केले आहे. रस्ता आम्हालाही हवा आहे. पण तो उखडेल, पुन्हा करावा लागेल, आणि तेव्हा विकायला गायरान उरलेले नसेल. मग काय विकणार? स्मशानभूमी, की शाळेचे पटांगण?

कलम 308 खाली या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करावी, असा अर्ज आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आहे. त्याची वाट न पाहता तुम्हीही एक करू शकता. लिलावाच्या आधी विशेष सभा बोलवा, ठराव रद्द करण्याचा विषय विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर लिहा आणि प्रत्येक नगरसेवकाचे मत नावानिशी नोंदवा. विरोधातले नावसुद्धा.

आपल्याच गावचा,
एक करदाता