विभागवार नियोजनाला, कैनाडहून

श्री. विभागवार नियोजन यांस,
मुक्काम मंत्रालय, मुंबई. दुसरा मुक्काम नवी दिल्ली.

मायना मुद्दामच कोरडा ठेवला आहे. डहाणू आणि तलासरीत तुम्ही जे करून ठेवलंत, त्याला ‘सप्रेम नमस्कार’ शोभणार नाही.

‘पैसा नव्हता’ ही सबब आधीच बाजूला ठेवा. आमच्या भागातून महामार्ग गेला, मालगाड्यांसाठी वेगळा लोहमार्ग गेला, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गासाठी जमिनी गेल्या. आणि १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आमच्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. पैसा आला, पण आमच्या अंगणातून पुढे निघून गेला.

या बंदराच्या मंजुरीतच तुमच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. बंदर एका खात्याचं, पण महामार्गाला जोडणारा रस्ता दुसऱ्याकडे आणि रेल्वेचा फाटा तिसऱ्याकडे सोपवून तिघांचं काम एकाच निर्णयात बसवलं गेलं. मंत्रालयांनी एकाच नकाशावर काम करावं म्हणून ‘गतिशक्ती’ योजना ऑक्टोबर २०२१ मध्येच आली होती. म्हणजे खाती एकत्र बसू शकतात. कंटेनरसाठी बसतात. मग कैनाडच्या पाड्यावरच्या माणसासाठी का बसत नाहीत? पाटबंधारे, कृषी, आरोग्य, शिक्षण आणि आदिवासी विकास या पाच खात्यांचा एक नकाशा आमच्यासाठी कधी काढलात, ते दाखवा.

तुमचा जुना अपराध १९९१ सालचा आहे. त्या वर्षी २० जूनच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकरांची मर्यादा आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ च्या डिसेंबरात न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकारही दिला. ही वेस घातली ते योग्यच झालं. तिच्यामुळेच इथल्या वाड्या, खाजणं आणि किनारा टिकला. पण कारखाना नको, तर पोट कशावर भरायचं, हे सांगणं कोणत्या खात्याचं काम होतं? पर्यावरण खात्याने बंदी लिहिली आणि फाईल मिटली. शेती, फळप्रक्रिया, मासेमारी यांत त्याच वेळी त्याच तोलाची गुंतवणूक व्हायला हवी होती, आणि ती कुणाच्याच यादीत नव्हती. म्हणून आमची पोरं सीमा ओलांडून उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातात. काही जण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर चढतात आणि त्यातले काही पाकिस्तानच्या तुरुंगापर्यंत पोचले आहेत. माझ्या मते हे कारखाना नसल्याचं फळ नाही, पर्याय न दिल्याचं आहे.

पाण्याचंच घ्या. धामणीला सूर्या नदीवर धरण बांधलं ते डहाणू, पालघर आणि विक्रमगडच्या शेतीला पाणी मिळावं म्हणून. आज त्याच पाण्यातून वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आहे. शहरातल्या माणसाला तहान नसते असं मी म्हणत नाही. पण ते पाणी शहराकडे वळवताना इथल्या दुसऱ्या पिकाची भरपाई कोण करणार, हा प्रश्न त्या कागदावर असायलाच हवा होता. भात कापून झाला, पुढे पाणी नाही, की दिवाळीनंतर घराला कडी लावून माणसं वीटभट्टीवर जातात. मग शाळेच्या पटावर मूल दिसतं, वर्गात दिसत नाही, आणि शिक्षण खातं पाटबंधारे खात्याला त्याचं कारण विचारत नाही.

चिकूचं तेच. डहाणू घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. शीतगृह, प्रक्रिया आणि बचतगटांचं कर्ज एका धाग्यात ओवलं, तर मानांकनाचा कागद बागेत राबणाऱ्या मजुराच्या हातात चार पैसे ठेवील.

दापचरीचीही आठवण ठेवा. मुंबईतल्या गुरांसाठी तिथे दुग्ध प्रकल्प काढलात, त्यासाठी इथली जमीन घेतलीत, आणि तो प्रकल्प बंद पडला. पुढे दापचरी लोकांना माहीत झाली ती सीमेवरच्या तपासणी नाक्यामुळे. बाहेरच्या गरजेतून उभं राहिलेलं काम इथल्या गावाशी न जोडल्यावर काय होतं, ते तिथल्या ओसाड जमिनीवर दिसतं.

रस्ता ठाऊक नव्हता, असंही म्हणू नका. याच महाराष्ट्राने सुकथनकर समितीचं ऐकलं होतं. आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात राज्य योजनेचा नऊ टक्के पैसा बाजूला काढावा आणि तो कशावर खर्चायचा हे आदिवासी विकास विभागाने ठरवावं, ही पद्धत १९९३-९४ पासून आली. पैसा एका हातात ठेवण्याचा हा आपल्या राज्याचा प्रयोग इतर राज्यांनीही पाहिला. डहाणूला आदिवासी विकास विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालय आहे. ‘एकात्मिक’ हे पाटीवर लिहिलेलं आहे. पण बंदर, धरण आणि द्रुतगती मार्ग ठरवणाऱ्या टेबलावर त्या कार्यालयाला खुर्ची नाही. २०१५ पासून पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळू लागला. ग्रामसभा आपला आराखडा करते, पण पाच टक्क्यांवर गावाला विचारायचं आणि उरलेल्यावर गावाला वगळायचं, याला नियोजन म्हणायचं का?

तलासरीत दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत. १९४५ मध्ये याच भागातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांना निदान समोरचा सावकार दिसत होता. तुम्ही दिसत नाही. रस्त्याचं विचारलं तर बांधकाम खात्याकडे, पाण्याचं विचारलं तर पाटबंधाऱ्याकडे, दवाखान्याचं विचारलं तर आरोग्याकडे बोट दाखवता, आणि गंभीर रुग्ण सिल्वासा नाहीतर वलसाड गाठतो.

तेव्हा मागणी अशी. वाढवणचं काम पुढे सरकण्याआधी डहाणू-तलासरीचा एकच आराखडा काढा. त्यात सूर्याच्या पाण्यातला शेतीचा वाटा हेक्टरांत लिहा, मच्छीमारांच्या बुडणाऱ्या जागेचा हिशेब लिहा, बंदरातल्या कोणत्या कामासाठी कोणत्या आयटीआयमध्ये किती जागा काढणार ते लिहा, आणि डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात कोणते डॉक्टर कधीपर्यंत येणार ते लिहा. प्रत्येक ओळीपुढे खातं, रक्कम आणि तारीख असू द्या. मराठीत छापा, वारलीत समजावून सांगा आणि ग्रामसभेपुढे ठेवा. सही एका अधिकाऱ्याची घ्या, पाच जणांची नको, म्हणजे विचारायला कुणाकडे जायचं ते आम्हाला कळेल.

कैनाड, ता. डहाणू, जि. पालघर