आजीचे पुण्यस्मरण : लेखन व सादरीकरणविषयक मार्गदर्शिका

प्रत्येक घराण्यात एक नातवंड असे असते, ज्याला 'तुझं जरा मराठी बरंय' म्हणून बाजूला घेतले जाते. आजीला जाऊन तिसरा दिवस असतो, रक्षाविसर्जन नुकतेच उरकलेले असते आणि पेपरवाल्याला मजकूर संध्याकाळच्या आत हवा असतो. अशा होतकरू लेखकांसाठी ही मार्गदर्शिका. ती कराड-पाटणकडच्या रीती डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. इतर जिल्ह्यांनी वापरल्यास आमची हरकत नाही.

सुरुवात विशेषणांनी करावी. प्रेमळ, मायाळू, कष्टाळू, मनमिळाऊ, धर्मपरायण हा संच तयार मिळतो आणि कोणत्याही आजीला मापात बसतो. दुधात पाणी घातले म्हणून तिने गवळ्याला चारचौघांत झापले होते, किंवा वाटणीनंतर थोरल्या जावेशी अबोला धरला आणि त्याच जावेच्या आजारपणात रात्र रात्र तिच्या उशाशी बसून काढली, एक शब्द न बोलता, असले काही लिहू नये. वाचणारा गोंधळतो. शिवाय जावेकडची मंडळी पहिल्याच रांगेत बसलेली असतात.

फोटो कुणाच्या तरी लग्नातला घ्यावा. आजीचा एकटीचा फोटो नसतोच. स्टुडिओवाला मागे निळे आकाश टाकून देतो. तिच्या खांद्यावर राहिलेली दुसऱ्या कुणाची तरी बोटे मात्र नीट पुसून घ्यावीत.

जन्मतारखेसाठी आधार कार्ड पाहावे. आजी शाळेत गेली असेल तर गुरुजींच्या कृपेने १ जून सापडते, नसेल तर बहुधा १ जानेवारी. स्वतः आजीचे पंचांग निराळे होते. थोरला मुलगा कोयनेच्या भूकंपातला, धाकटी लेक दुष्काळातली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे जमीन हलली, तेव्हा आधी बाळाला उचलले की दावणीची म्हैस सोडली, हे ती दर वेळी वेगळे सांगायची आणि दोन्ही वेळा खरे वाटायचे. १९७२ म्हणजे तिच्या लेखी रोजगारावर फोडलेली खडी, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि पोरांना मिळालेली सुकडी. या इतिहासाला कागदाचा आधार नाही, सबब तो गाळून १ जून कायम करावी.

आता मुख्य परिच्छेद, म्हणजे सेवाभाव. 'त्यांनी सर्वांची मनोभावे सेवा केली' एवढ्या एका वाक्यात तो आटोपतो. तपशिलात शिरलात की फसलात. उदाहरणार्थ, आजीच्या जुन्या नऊवारी लुगड्याचे पुढे काय व्हायचे, हा प्रश्न साधा दिसतो. चांगला भाग वाकळेत जायचा. मऊ पडलेल्या भागाची नातवंडांची दुपटी आणि लंगोट व्हायचे. आजोबांच्या अंगावरून वारे गेले तेव्हा दुपटी पुन्हा फिरून त्यांच्या पाठीखाली आली, चौपदरी घडी करून, शिवण वर येणार नाही अशी. शिवण टोचली की कातडी जाते, हे तिला कुणी शिकवले ठाऊक नाही. आजोबांना रात्रीतून कूस बदलून द्यावी लागे. मुक्कामी एस.टी. आली की एकदा, कोंबडे आरवले की एकदा, आणि मधल्या वेळी तिला आपोआप जाग यायची. इतकी वर्षे अंथरुणावर काढूनही त्यांच्या पाठीला जखम झाली नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी आजोबांच्या मूळच्या काटक प्रकृतीचे फार कौतुक केले.

पाहा, लुगड्याने केवढी जागा खाल्ली. जाहिरातीचे पैसे सेंटिमीटरवर लागतात.

दशक्रियेच्या दिवशी लेखकाने वही घेऊन घाटावर हजर राहावे. पिंडाला कावळा शिवत नाही, हे गृहीत धरून चालावे. प्रथम थोरले काका हात जोडून पुढे होतात : 'धाकट्याचं लगीन या वर्षात उरकतो.' कावळा ढिम्म. मग धाकटे काका : 'वाटणी समजुतीनं करतो, कोर्टात जात नाही.' कावळा फांदी बदलतो. थोरले काका मात्र चमकून पाहतात. अखेर भटजी म्हणतात, 'त्यांच्या आवडीचं काही ठेवा.' इथे शांतता पसरते. कुणी म्हणते, घुटं. पण घुटं आजोबांच्या आवडीचं. पुरणपोळी थोरल्याची, शेवग्याची आमटी धाकट्याची, शिरा सगळ्या नातवंडांचा. हयातभर तिच्या हातचे खाल्लेल्या माणसांची ही सभा. पण ती शेवटी जेवायला बसायची तेव्हा उठून गेलेली. 'तिला काहीबी चालायचं', असा ठराव पास होण्याच्या बेतात असताना मागून तिची माहेरची बहीण बोलते : 'भजी आवडायची तिला. स्टँडावरची, कागदातली. दवाखान्याच्या खेपेला एकटी आली की उभ्याउभ्या खायची, आन् पदरानं तोंड पुसून गाडीत बसायची.'

एका नातवाला मोटारसायकलवर स्टँडकडे पिटाळावे. कावळा शिवला की नाही, हा विषय या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे. छापील मजकुरात 'आहार सात्त्विक होता' असेच ठेवावे.

शोकाकुलांच्या यादीत मुलगे, नातू, पणतू अशी उतरंड लावावी. शेवटच्या महिन्यात तिला न्हाऊमाखू घालणाऱ्या सुनेचे नाव जागेअभावी 'समस्त परिवार' यात धरावे.

उरला सरकारी कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर शुल्क पडत नाही. अर्जात मृत व्यक्तीच्या व्यवसायाचा रकाना असतो, आणि व्यवसाय नसेल तर तसे लिहायची सोयही असते. बहुतेक घरांत ही सोय वापरतात. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. त्यात, घरचे बिनपगारी काम करणाऱ्यांत बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात आणि पुरुषांची ९७, असे निघाले. घरच्या माणसांची देखभाल वेगळी मोजली : बायका १३४ मिनिटे, पुरुष ७६. हा हिशेब मांडेपर्यंत आमच्या आजीची कामे उरकली होती.

त्या रकान्यात 'शुश्रूषा' असे लिहावे. कारकुनाने पुरावा मागितलाच, तर घरातले कुठलेही माणूस पुढे उभे करावे.