माळ्यावरची ओळखपरेड

मुक्ताईनगर तालुक्यात जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅब टाकायचं ठरलं, की सिमेंटच्या आधी प्रश्न उभा राहतो तो माळ्यावरून खाली उतरणाऱ्या सामानाचा. त्यातलं निम्मं कुणालाच ओळखू येत नाही. थोरले म्हणतात, राहू द्या. धाकटे म्हणतात, फोटो काढून ग्रुपवर टाका. दाराशी उभा असलेला भंगारवाला काहीच म्हणत नाही, तो काटा तपासत असतो. अशा वेळी घरातल्या एकाला जाणकार व्हावंच लागतं. ती पाळी तुमच्यावर आली असेल, तर पुढच्या सूचना तुमच्यासाठी आहेत.

पहिली तयारी भाषेची. वस्तू लोखंडी असेल तर 'शिवकालीन' म्हणावं, पितळी असेल तर 'पेशवेकालीन', आणि काहीच कळलं नाही तर 'पूजेतली दिसते' म्हणून बाजूला ठेवावी. एवढ्यावर पुष्कळांची हयात निघते. मात्र हे बोलण्याआधी आजी खोलीत नाहीत याची खात्री करा. तुम्ही पेशव्यांपर्यंत पोचलेले असता आणि त्या कोपऱ्यातून म्हणतात, "कारे भो, ते तर माह्या लग्नातलं." विषय तिथेच संपतो.

आजींशी वाद टाळायचा तर आधी भांड्याचा काठ वाचा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची जुनी चाल आहे. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात, कोणत्या साली, हे सगळं कासार टिंब-टिंब ठोकून लिहून देत असे. काठावर 'एदलाबाद' कोरलेलं असेल, तर भांडं गावाचं नाव मुक्ताईनगर होण्याआधीचं, असं धरून चालायला हरकत नाही. पेशव्यांना इथेही जागा नाही.

आता मुख्य कामाकडे. नवशिक्या माणूस वस्तूचा आकार बघतो आणि फसतो. आकारापेक्षा झीज बघा. हात कुठे लागला, दोर कुठे घासला, धूर कुठून गेला, एवढं पाहिलं तर वस्तू आपलं काम सांगते.

याचा उत्तम धडा म्हणजे खापर. एक मोठं, खोलगट मातीचं भांडं सापडतं. कुणी त्याला कुंडी ठरवतं, कुणी पक्ष्यांसाठी त्यात पाणी ठेवतं. ते उलटून आत बघा. सर्वसाधारण भांडं चुलीवर बाहेरून काळं होतं, हे आतून काळं असेल आणि पाठ त्या मानानं स्वच्छ. कारण हे चुलीवर पालथं घालतात, जाळ पोटात आणि मांडा पाठीवर. हातावर फिरवून फिरवून परातीएवढा केलेला पुरणाचा मांडा या फुगीर पाठीवर टाकतात. मुक्ताईच्या गावी तरी खापर ओळखता आलंच पाहिजे. विसोबानं कुंभारांना बजावलं, मुक्ताईला खापर मिळालं नाही, आणि ज्ञानेश्वरांनी स्वतःची पाठ तापवून तिला मांडे भाजू दिले, ही कथा इथे लहान पोरालाही ठाऊक असते. तरी तेच पोर मोठं होऊन खापरात मनीप्लांट लावतं.

यानंतर नाकाचा उपयोग. माळ्यावर बांबूचे दोन पोकळ नळे सापडतील. एका टोकाला पेर बंद, दुसरं टोक उघडं. दिसायला भाऊ-भाऊ, कामानं एकमेकांचा संबंध नाही. एक बैलगाडीखाली टांगलेला असायचा, त्यात आसाला लावायचं वंगण. दुसऱ्यातून आजारी बैलाच्या घशात औषध ओतायचे. त्याचं उघडं टोक लेखणीच्या टाकासारखं तिरपं कापलेलं आणि कड घासून गुळगुळीत केलेली असते, बैलाच्या तोंडाला लागू नये म्हणून. पहिल्याला अजूनही तेलकट, काळपट वास येतो आणि हात लावल्यास तो दोन दिवस जात नाही. दोन्हीपैकी कुठल्याही नळ्याला बासरी समजून तोंड लावू नये.

मग लोखंड. चपटा, अर्ध्या कापलेल्या पानासारखा, कडेला भोकं असलेला तुकडा हाती येईल. घोड्याची नाल म्हणून तो चौकटीवर ठोकायची घाई करू नका. घोड्याचं खूर अखंड, म्हणून त्याची नाल वाकवलेली एकसंध. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून त्याला दोन वेगळ्या पत्र्या लागतात. चार पायांच्या आठ. बैल सडकेवर गाडी ओढू लागला, की त्याला आडवा पाडून पत्र्या मारून घेत. चौकटीवर पत्री ठोकल्यानं भाग्य उघडतं की नाही हा तुमचा प्रश्न, पण ओळख चुकलेली आहे हे नक्की.

जातं ओळखणं सोपं आहे असं वाटतं, कारण अख्खं जातं सगळ्यांना ओळखता येतं. परीक्षा अर्ध्या जात्यात आहे. मधलं भोक आरपार असून कडेला खुंट्याची खाच असेल, तर ती वरची तळी. मधे खिळ्यापुरतंच भोक असेल तर खालची. टाकीचे घाव बोथट झालेले दिसले, तर शेवटची काही वर्षं टाकी लावणारा दारावर आलेला नव्हता. आपल्या भागात जात्याला घरोटाही म्हणतात. आसोद्याच्या बहिणाबाईंनी त्याच्यावर कविता केली, ती 1952 साली त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकात छापली गेली. तेव्हा अंगणात पायरी म्हणून टाकलेल्या तळीवर पाय ठेवताना निदान चप्पल काढा.

कापूसवाल्या घरात एक लाकडी चौकट निघेल. दोन बारीक रूळ एकमेकांना टेकलेले, टोकांना लाकडातच कोरलेले पिळाचे आटे, एका बाजूला फिरवायचा दांडा. शेवया पाडायचं यंत्र म्हणून ती धुऊन पुसून स्वयंपाकघरात नेऊ नका. दांडा फिरवला की पिळात पीळ अडकून दोन्ही रूळ उलटसुलट फिरतात, रुई पलीकडे निघते आणि सरकी अलीकडे पडते. जिनिंगच्या गिरण्या येण्याआधी घरोघरी कापूस याच्यावर लोढत. फटीत रुईचा एखादा धागा अडकलेला असतोच, तोच पुरावा.

प्रात्यक्षिक करायचं असेल तर महामार्गावरच्या 'गावरान' हॉटेलात जा. सुरत-नागपूर रस्त्यावर चुलीवरच्या भाकरीबरोबर भिंतीवर शेती टांगायची पद्धत पडली आहे. भरीत येईपर्यंत भिंत वाचा. तीन दात्यांची असेल ती तिफण, दोन दात्यांची दुफण. पुष्कळदा ती उलटी टांगलेली असते, दाते आभाळाकडे, पेरणी बहुधा ढगात. डोक्यावरच्या दिव्याला लाकडी टोपली घातलेली दिसली, की तिच्या तळाची भोकं मोजा. तीन असतील तर ते चाडं आहे. पेरणारी बाई मुठीनं त्यात बी सोडत राही आणि ते तीन नळ्यांतून तीन तासांत पडे. आता त्यातून तुमच्या भाकरीवर उजेडाचे तीन ठिपके पडतात. वेटरला काही विचारू नका.

मापांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. पितळी मापात पेनं ठेवणाऱ्यानं निदान पाढा पाठ करावा: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. 1956 च्या कायद्यानं दशमान पद्धत आणली आणि ही सगळी मंडळी माळ्यावर गेली. मापाचं बूड जरूर तपासा. आतून उंचावलेलं किंवा जाड केलेलं असेल, तर तुमचे पूर्वज सावकारी करत असावेत. हे घरी मोठ्यानं सांगू नये.

स्टोव्हची पिन, म्हणजे पत्र्याच्या पट्टीला केसाएवढी तार, ही तर कालपरवाची गोष्ट. तरी कॉलेजातली मुलं तिला दात कोरायचं हत्यार म्हणतात. पुढे चला.

पक्षी बसवलेला, खाली खरखरीत तळ असलेला पितळी तुकडा सापडला, तर पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवू नका. ती वजरी, पायाच्या टाचा घासायची. शंका असेल तर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. 1896 साली जन्मलेल्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वजऱ्या, कुलपं अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं. लोक ज्याला अडगळ म्हणत होते, तिच्या वीस हजारांवर वस्तू तिथे झाल्या. खानदेशातल्या माळ्यांवर असाच एखादा संग्रह सहज निघेल, पण आपल्याकडे तो आधी भुसावळच्या भंगारात जातो.

वस्तू ओळखल्यावर चार ओळी लिहून चिकटवा: नाव, गाव, कोणी वापरली, कोणी सांगितलं. घासून चकचकीत करू नका, झीज पुसली की ओळखही पुसली. आणि माळ्याऐवजी पाया खणताना काही निघालं, तर एवढं ध्यानात ठेवा: जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, असं 1878 चा निखात निधी कायदा सांगतो. दहा रुपयांत आता नवी कुंडीसुद्धा येत नाही.